चहा होईपर्यंत

नातीनं माझ्या लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली. बटण दाबलं आणि मी चष्मा चढवेपर्यंत पडदा उजळलासुद्धा. जुनी डिस्क आधी घरघरायची, मग कुरकुरायची, आणि तेवढ्यात ह्यांचा चहा करून व्हायचा. चहा हेच करायचे, मी लॅपटॉपला शिव्या घालत बसायचे. तेव्हाची मी म्हणजे कुकरची वाफ जायच्या आत झाकण ओढणारी बाई! कुठली गाडी चुकत होती तिची, देव जाणे.

"अगं, उघडेल तो. तोवर बोल की माझ्याशी," हे म्हणायचे.

"बोलायला काय, अख्खा जन्म पडलाय!" मी फणकारायचे.

हे गेले, आणि जन्म तेवढा पडून राहिला.

"आजी, जुन्यातलं सगळं नव्यात आलंय हं," नात म्हणाली. "एकही फोटो गेला नाही. आणि वेळ किती वाचेल बघ तुझा!"

"वाचेल गं बाई," म्हटलं आणि जुनी डिस्क तळहातावर घेतली. गार पडली होती. समोर सगळं उघडून तयार होतं, मला काहीच बघायचं नव्हतं. वेग मागितला होता त्या उतावळ्या बयेनं, मिळाला मला, कुठंच जायचं उरलं नसताना.