होडीच्या अंगावरची सावली

ही गोष्ट मी आजवर कागदावर आणली नाही, आणि तोंडावाटे तर कधीच बाहेर काढली नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हती. ज्या दोन माणसांची ही गोष्ट आहे तीही आता नाहीत. तेव्हा सांगून कोणाचं काही भलं होणार आहे, असं नाही. तरी तुम्ही बसला आहात, ऐका.

मी एका मराठी दैनिकात छायाचित्रकार होतो. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. रोजचं काम म्हणजे सभा, मोर्चे, लाठीमार, परळ-लालबागच्या गिरण्यांपुढच्या गेटसभा. त्यातून सवड काढून मी रविवारच्या पुरवणीसाठी एक मालिका करत होतो — मुंबईचा किनारा. गिरगाव चौपाटी, दादरची वाळू, माहीमची खाडी, वरळीचा कोळीवाडा. होड्या, सुकत टाकलेले बोंबील, जाळी विणणारे म्हातारे. हे काम मला मनापासून आवडत होतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

छापण्याआधी फोटोवर हात फिरवावा लागे, हेही सांगायला हवं. वर्तमानपत्राचा कागद भरड. साधी प्रिंट छपाईचा ब्लॉक करायला दिली तर छापताना सगळं काळं गिचमिड होई. म्हणून प्रिंटवर बारीक ब्रशनं पांढरा-काळा रंग लावून कडा उठवायच्या, मागचा विजेचा खांब घालवायचा, पुढाऱ्याच्या टोपीवरचा डाग पुसायचा. सगळेच करत. माझा हात त्यात चांगला होता. आमचे संपादक म्हणत, "कॅमेऱ्याला थापा मारता येत नाहीत." ब्रशबद्दल ते काही म्हणत नसत.

हिरूबाई मला वरळीच्या कोळीवाड्यात भेटली. तिशीची असेल. सकाळी आठच्या सुमाराला होडीला टेकून उभी होती, कमरेवर टोपली, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट. उन्हाची तिरीप तिच्या गालावर. मी विचारलं, फोटो काढू का. ती म्हणाली, "माजा एकटीचा नको. थांबा, माज्या मानसाला हाक मारते."

माणूस यायला पाऊण तास लागला. ऊन चढत होतं, मी घड्याळ बघत होतो. मग तो आला — धाकलू. परळच्या एका गिरणीत साच्यावर, कापड विणायला होता. सुट्टीच्या दिवशी भावाच्या होडीवर जाई. फोटो म्हणून त्यानं लग्नातला काळा कोट घातला होता. खाली पँट, पायात कॅनव्हासचे बूट. केसांना पाणी लावून भांग. कान जरा बाहेर आलेले. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, तो माझ्यापर्यंत पोचला.

हिरूबाई हसायलाच लागली. "अवो, लग्नात बी असाच घामानं निथळत व्हता. तवा बी ह्योच कोट!"

"गप गो. फोटू काय रोज निघतो?" मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "दादा, बटन लावू का उघडं ठेवू?"

मी म्हणालो, लावा. त्यानं पोट आत घेतलं आणि लावलं. मधलं लागलं, खालचं लागलं नाही. तिनं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम टिपला आणि त्याच्या डाव्या हाताला, होडीला टेकून उभी राहिली. मी दोन वेळा कळ दाबली. दोन्ही वेळा दोघं. "फोटूची परत द्याल ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

ऑफिसात प्रिंट काढली. चित्र उत्तम होतं — तिच्या बाजूनं. होडी, समुद्र, टोपली, तिची ताठ मान. आणि शेजारी हा कोटातला माणूस. मला काय हवं होतं? मला कोळी हवा होता. डोक्याला टोपी, कमरेला रुमाल, उघडी पाठ. मुंबई कोणाची, हा प्रश्न त्या दिवसांत रोज पहिल्या पानावर होता, आणि माझ्या मनात उत्तर आधीच ठरलेलं होतं. ते उत्तर कोट घालून येत नव्हतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. संपादकांनी मूळ प्रिंट पाहिलीही नाही. मी बशीत रंग कालवला आणि दुपारच्या चहापर्यंत धाकलूला पुसून टाकलं. त्याच्या जागी समुद्र आला, थोडं आकाश, थोडी वाळू. बूट पुसायला वेळ लागला. काम इतकं साफ झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या चित्राला मथळा मिळाला, "मुंबई हिची आहे." ते गाजलं. हँडबिलांवर आलं, भोईवाड्यात आणि हिंदमाताच्या नाक्यावर भिंतींना चिकटलं, मोर्च्यात काठीला बांधून नाचवलं गेलं. लोक मला ओळखू लागले. धाकलूला प्रत द्यायची राहिली. पूर्ण प्रिंट द्यायची तर तो विचारणार, पेपरात मी कुठे गेलो? मी वरळीला जायचं टाळलं. एवढंच असतं तर मी हे तुम्हाला सांगितलं असतं का? कदाचित गंमत म्हणून सांगितलंही असतं.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या. भावाची होडी परत आली. धाकलू आला नाही. जाळं ओढताना गेला, एवढंच कळलं.

हे मला कळलं ते आणखी एक वर्ष उलटत आल्यावर, ती ऑफिसात आली तेव्हा. जिन्याजवळ उभी होती. कपाळ मोकळं. हातात वर्तमानपत्राचं कात्रण — तिचंच चित्र, घड्यांवर फाटायला आलेलं. मी टेबलापाशी नेऊन खुर्ची दिली, ती बसली नाही.

तिनं सांगितलं ते असं. धाकलूचं प्रेत मिळालं नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता, म्हणून कोट ठेवला. आता वर्षश्राद्ध आलं होतं.

"दादा, तुमच्याकडं दुसरी परत असंल ना? आमी दोघं व्हतो तिच्यात."

त्या फोटोची काचपट्टी, म्हणजे मूळ निगेटिव्ह, माझ्या टेबलाच्या खणात होती. तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि मी म्हणालो — हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात — "नाही, ते फोटोत नव्हते. ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते."

"नाय वो. माज्या उजव्या अंगाला व्हता. कोटाचा वास माज्या नाकात व्हता."

"बघा ना तुम्हीच," मी म्हणालो आणि तिचंच कात्रण तिच्यापुढे धरलं. "असते तर दिसले नसते?"

ती बघत राहिली. वास तिच्या बाजूचा, फोटो माझ्या बाजूचा. आमच्या टेबलाजवळ दोघं-तिघं सहकारी कान देऊन होते. त्यांच्यादेखत मी काय सांगायला हवं होतं? की चळवळीनं काठीवर मिरवलेलं चित्र मी रंगवलेलं आहे? तुम्ही म्हणाल, तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आलं असतं.

मग तिनं कात्रणावर बोट ठेवलं. होडीच्या फळ्यांवर, तिच्या खांद्यामागे, एक सावली होती. डोकं, खांदे, बाहेर आलेले कान. ती पुसायची माझ्याकडून राहून गेली होती. दोन वर्षं ते चित्र सगळ्या शहरानं पाहिलं, आणि ती सावली कोणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही.

"मंग ही कोनाची?" ती हळू म्हणाली. "मी हिला रोज फूल वाहते. तो हाय म्हनून. परक्या मानसाची असली तर सांगा दादा. मना पाप नको."

इथे तरी थांबायला हवं होतं. हो, त्याचीच आहे — एवढे तीन शब्द. पण तो नव्हता, असं मी नुकतंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"माझी आहे," मी म्हणालो. "ऊन माझ्या पाठीमागून होतं. फोटो काढणाऱ्याची सावली पडते अशी."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती, शरमून. "अरे देवा! म्हंजी वरीसभर मी तुमालाच फूल घालतंय!" सहकारी हसले. मीही हसलो. मग कात्रणाची घडी घालत ती म्हणाली, "मनाच चुकीचं आठवत व्हतं." जाता जाता माझीच माफी मागून गेली.

त्याच संध्याकाळी मी काचपट्टी काढून प्रिंट केली. औषधाच्या थाळीत आधी कोट उमटला, मग कान, मग चेहरा. तो हसत नव्हता. श्वास धरून होता, बटणासाठी. प्रिंट वाळवून पाकिटात घातली, वर लिहिलं — हिरूबाई, वरळी कोळीवाडा. उद्या जाऊ म्हटलं. श्राद्धाचा दिवस गेला. महाराष्ट्र झाला, खास अंकात ते चित्र पुन्हा छापलं. त्या वेळी मी सावलीही पुसली.

गेलो तो बऱ्याच वर्षांनी. तिला आता कमी दिसत होतं. आवाजावरून तिनं मला ओळखलं. सुनेला म्हणाली, "ह्ये ते फोटूवाले दादा. लय भले." चहा दिला, सुकट बांधून दिली. भिंतीवर ते कात्रण काचेच्या चौकटीत होतं. मला ते काहीसं अरुंद वाटलं, म्हणून मी जवळ गेलो. सावलीची बाजू नव्हती. तिच्या खांद्याच्या कडेनं, अगदी सरळ, कात्रीनं कापून टाकली होती.

पाकीट माझ्या पिशवीत होतं. मी चहा संपवला. सुकटीचं पुडकं त्याच पिशवीत, पाकिटावर ठेवलं, आणि गिरगावला परत आलो.