हिर्डोशीला जाऊन आलेला कोट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. विहिरीपाशी भूत दिसलं म्हणून रडत आलेल्या मुलींना हाताला धरून त्याच विहिरीवर नेऊन आणायची. माझे यजमान डॉक्टर, त्यांचा तर देवावरचा विश्वाससुद्धा बेताचाच... तरीही या सदरातले अनुभव वाचून वाटलं, आपलाही एकदा लिहावा. घाबरण्यासारखं यात काहीच नाही. आम्ही दोघं तो आठवून अजून हसतो.

गोष्ट भोरची, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची. ह्यांच्याकडे मोटारसायकल होती. वेल्हे, विंझर, वरंध्याच्या बाजूला हिर्डोशी – जिथवर चाक जाईल तिथवर गाडीने आणि पुढे पायी, अशी ह्यांची फिरती. पावसाळ्यात अंगावर एक लांब काळपट कोट. पुण्याला कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला. जाड सुती कापड आणि त्यावर मेण चढवलेलं. धो धो पावसातून आले तरी आतला सदरा कोरडा!

त्या कोटाची पहिली धुलाई मी केली ती नवी नवरी असताना. सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून, धोपटण्याने बडवून. कोट लख्ख झाला आणि मेण सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते आतून-बाहेरून निथळत. म्हणाले, "छान. आता याचा उपयोग चहा गाळायला कर."

मग मी शिकले. चिखल ओला असताना हात लावायचा नाही. वाळला की नारळाच्या शेंडीने झाडायचा. मग गार पाण्याच्या फडक्याने पुसायचं. साबण नाही, पिळणं नाही, घडी नाही. वर्षातून एकदा मेण. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचं, त्यात थोडं टर्पेंटाइन, आणि चिंधीने आधी शिवणींवर, मग सगळीकडे चोळायचं. उन्हात थोडं मुरू द्यायचं, मग सावलीत टांगायचं.

त्या श्रावणात हे हिवतापाने अंथरुणावर होते. क्विनीन घेऊन कानात शिट्ट्या वाजतायत म्हणून कुरकुरत होते. गाडीचं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, कारण ट्यूब फाटली होती आणि नवी पुण्याहून यायची होती. मी म्हटलं, बरी सवड मिळाली, कोटाचं काम उरकू. मेण पातळ झालं, बघते तर टर्पेंटाइनची बाटली रिकामी! मग दवाखान्याच्या कपाटातलं नीलगिरीचं तेल ओतलं. तसं मी पूर्वी कधी केलं नव्हतं, पुढेही नाही. घरभर असा वास सुटला की आतून हे ओरडले, "अगं, सर्दी कोणाला झालीय?"

दुपारी बाराच्या सुमारास कोट चोळून झाला. भोरात त्या दिवशी चक्क ऊन होतं. तासाभराने मी तो पडवीत खुंटीला टांगला आणि तिथेच तांदूळ निवडत बसले. दोनदा उठले – एकदा ह्यांना पेज द्यायला, एकदा अंगणातली कोंबडी हाकलायला. बाकी कोट माझ्या डोळ्यांसमोर होता.

चार वाजता हात लावून पाहिला तर आतलं अस्तर ओलं! मोठा, पिवळट डाग. आणि वास... कोणाही आईला ओळखू येईल असा. मी सरळ शेजारच्या मांजरावर आळ घेतला. "मेल्या, एवढी मेहनत केली आणि तू हे दिवे लावलेस?" म्हणत अस्तर गार पाण्याने टिपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिर्डोशीकडची एक म्हातारी आणि तिचा मुलगा दारात. मुलाच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं. हे नुकतेच उठून आरामखुर्चीत बसले होते. म्हातारीने थेट ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"डाक्तर, तुमी व्हता म्हून नात हाती लागली बगा!"

"कुठली नात?" हे म्हणाले.

म्हातारी हसली. मग सांगायला लागली. परवा सकाळपासून सून अडली होती, म्हणून डोलीत घालून भोरला निघाले. वाटेत ओढा फुगलेला, पावसाची झड, आणि झाडाखालीच पोरगी जन्मली. अंगावर घ्यायला एक कोरडी चिंधी नाही. पोर निळी पडायला लागली, रडेना.

"आन् तुमची फटफटी आली. तोंडाला मफलर, डोळ्याला चष्मा. बोलला न्हाईत काय. कोट काढला, पोर आन् तिची आय दोगींवर घातला. जरा ऊब लागली तशी पोरगी अशी वरडली, अशी वरडली... वाडीतल्या घरात चुलीपाशी निजवस्तोवर तुमी हुबं व्हता. मग कोट घेतला आन् गेलात."

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"गुरं अजून रानातच व्हती. दुपार कललेली."

हे म्हणाले, "आजी, मी इथंच होतो. तापात. गाडीचं चाक बघा, भिंतीला आहे."

म्हातारीने चाक पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं, तुमी नव्हता. पर कोट तुमचाच व्हता." पडवीतल्या खुंटीकडे तिने बोट केलं. "त्यो काय. पोरीनं त्यातच मुतलं, लई शरम वाटली."

मनातल्या मनात मी शेजारच्या मांजराची माफी मागितली.

"आन् बाई," म्हातारी माझ्याकडे वळली, "त्या कोटाचं कायतरी माज्या लुगड्याला लागलंय. दोनदा धुतलं, निगंना. कसं काढू?"

तिने पदर पुढे केला. बोटभर मेणाचा डाग. मी वास घेतला. नीलगिरी! मी तो पदर ह्यांच्या नाकाशी नेला. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि उठून खुंटीवरच्या कोटाचाही घेतला.

बरे झाल्यावर ह्यांनी चौकशी केली. भोरात तेव्हा आणखी दोनच मोटारसायकली होत्या. एकीचे मालक गाडीसकट पुण्याला होते, दुसऱ्यांची महिनाभर बंद. तसला कोट कोणाकडेच नव्हता. असता, तरी माझी नीलगिरी त्यात कुठून येणार?

बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं. नवी ट्यूब बसली होती. नऊवारी सावरत, एका हाताने ह्यांचा खांदा धरून मी जन्मात पहिल्यांदा गाडीवर मागे बसले. वाटेत भाताची खाचरं हिरवीगार, बांधावरच्या बायका हात हलवून हसत होत्या आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसत होते. पोहोचले तर कळलं, पोरीला सख्खी आत्या नाही. कानात नाव सांगायचं कोणी?

"बाई, तुमीच या फुडं," म्हातारी म्हणाली.

मी वाकून त्या इवल्या कानात 'आनंदी' म्हटलं. पाठीत बायकांचे धपाटे बसले, ते अजून आठवतात. आम्हाला मूलबाळ नाही. त्या दिवशी मी आत्या झाले.

आनंदी आता आमच्याकडे राहून भोरच्या शाळेत जाते. परवा तिने विचारलं, "आत्या, तवा कोण आलं व्हतं गं?"

"माहीत नाही, बाळ."

"मामांना इचार की." ह्यांना ती मामा म्हणते.

"त्यांनाही माहीत नाही."

तिने थोडा विचार केला, मग म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे," आणि दोरीवरच्या उड्या मारायला अंगणात पळाली. मीही तेच करते... राहू देते.