डब्यातला मळा

माझं माहेर मंद्रूपचं. काळी माती, विहीर, आणि विहिरीच्या अंगाला माझ्या वडिलांचा भाजीचा मळा. लग्न होऊन सोलापुरात आले ती गिरणीच्या चाळीत. एक खोली, पुढं चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढा ओटा, आणि ओट्याखाली सगळी फरशी. माती दिसायची ती चूल सारवायला टोपलीत आणून ठेवलेली, तेवढीच. मळेवाल्याची लेक मी, आणि बाजारातली सुकलेली वांगी निवडत बसायची! मला माझ्यापेक्षा त्या वांग्यांचीच कीव यायची.

पण खरं दुखणं निराळंच होतं. आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही. पाणीसुद्धा घेत नाही. आणि माझी कूस काही उजवेना. आप्पा, म्हणजे माझे वडील, मंगळवारच्या बाजाराला गाडी घेऊन यायचे. माल खपला की चाळीत येऊन ओट्यावर टेकायचे आणि फडक्यातली आपली भाकरी सोडायचे. आत माझं पिठलं रटरटतंय आणि बाहेर माझा बाप कोरडी भाकरी कांद्याशी खातोय! तहान लागली की उठून कोपऱ्यावरच्या नळावर जायचे. त्यांची ती पाठ बघितली की मला रडू आवरायचं नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा पारा चढायचा. "आमच्या घरात काय इख शिजतंय व्हय वो पावणं?"

"तसं न्हाय, इहिणबाई," आप्पा हात जोडायचे. "रीत हाय. मोडून कसं चालंल?"

शेवटी मी मनाशी म्हटलं, या माणसाला भाजीनंच पाडायचं. आप्पांचा जीव ताज्या वांग्यात. झाडावरून काढलं की थेट कालवणात पडलं पाहिजे, मधे बाजाराचं तोंड दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याच दारात वांगी पिकवली तर? बघू, किती वेळ तोंड बांधून बसतात ते!

आमच्या ह्यांनी गिरणीतून येताना रॉकेलचे रिकामे डबे आणले. मी गावाबाहेरून डोक्यावर काळी माती आणली, डबे काठोकाठ भरले, रोपं लावली आणि मायेनं पाणी ओतत सुटले. रोपं पिवळी पडली, मग माना टाकून बसली. शेजारी एक विणकर बाई राहायची, तेलुगू बोलणारी. तिच्या फुटक्या घागरीत आंबाडी कशी तरारलेली! माझे डबे बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अय्यो, भोक कुठंय? पाणी जाणार कुठं?"

आता शेताला कधी कुणी भोकं पाडतं का? मला कसं सुचणार! पण चूक ती चूक. खिळ्यानं डब्यांच्या बुडाला भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे घातले, मातीत वाळू नि लेंडीखत कालवलं आणि वांग्या-मिरचीची नवी रोपं लावली. त्या लेंड्या हे धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे आणि गिरणीत साच्यावरची, म्हणजे मागावरची, मंडळी त्यांना दिवसभर पिडायची. घरी आले की तो राग माझ्यावर निघायचा, पण लेंड्या काही चुकल्या नाहीत.

आत्याबाईंनी मात्र कटकट लावली. "ओटा माझ्या बसण्याचा का तुझ्या डब्यांचा? उद्या माझ्याच डोक्यावर मेथी पेरशील!" आणि एका सकाळी बघते तर काय, बाई तांदळाचं धुवण हळूच मिरचीला घालतायत. मला बघून म्हणाल्या, "हातातनं सांडलं." मग ते रोजच सांडायला लागलं. पुढं तर त्यांनी गळक्या बादलीत स्वतःची काकडी लावली आणि गिरणीतल्या सुताच्या दोऱ्या वळून वेल पार छपरावर चढवला. त्या वेलाला हात लावायची मला बंदी होती.

वांगी धरली. जांभळी, चकचकीत, काटेरी देठाची. मंगळवार गाठून मी शेंगदाण्याचं कूट नि काळं तिखट भरून ती शिजवली. चाळभर वास सुटला. आप्पा आले, टेकले, आणि मी ताट पुढं ठेवलं.

"हितलीच हायत," मी डब्यांकडं बोट केलं. "माझी."

आप्पांनी ताटाकडं बघितलं. मोठा श्वास घेतला. "वास लई झ्याक सुटलाय, बाळे," म्हणाले, आणि ताट अलगद बाजूला सारून आपलं फडकं सोडायला लागले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! त्या रीतीचा आला, आप्पांचा आला, माझ्या रिकाम्या मांडीचाही आला. ताट उचललं, आत गेले आणि चुलीकडं तोंड करून बसले. इतके महिने राबले ते पाण्यात गेलं.

बाहेर आप्पांची भाकरी आटोपली असावी. डब्यांपाशी त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "मिरची दाट झालीया... आन् ह्यो येल कुणी चढीवला?"

"मी," आत्याबाई ऐटीत म्हणाल्या.

"लई आवळून बांधलाय की वो. गळा धरल्यागत."

राहवेना म्हणून मी दारातून डोकावले. आप्पा सगळं विसरले होते. दोरी सैल करत होते, पानं उलटून कीड बघत होते. मळ्यात असत तसेच. पानाआड एक कोवळी काकडी सापडली. त्यांनी ती तोडली, धोतराला पुसली आणि कचकन चावली.

"कडू न्हाय बगा अजाबात," ते चावत चावत म्हणाले, आणि तिथंच थांबले.

डोळे मोठे झाले. गाल फुगलेला तसाच. थुंकावं तर अन्नाचा अपमान, गिळावं तर रीत गेली! आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

"गिळा की वो पावणं! माजी काकडी काय थुकताय व्हय?"

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना धार लागली, ती काही थांबेना. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग सावकाश चावून त्यांनी तो घास गिळला. ओट्यावर येऊन नीट मांडी घालून बसले आणि उरलेली काकडी पुढं धरली.

"बाळे," ते म्हणाले, "मीठ आन की गं जरा."

मी मिठाचं अख्खं मडकंच उचलून बाहेर नेलं.