एका ओळीचे नट

आमच्या शेजारच्या काकांना अख्खी झाशी ओळखते, फक्त कुठे पाहिलंय ते कुणाला आठवत नाही. ओरछ्यात शूटिंग आलं की काका त्यात हवालदार, पुजारी नाहीतर प्रेत असतातच. प्रेत तर असं वठवतात की एकदा आकाशातून खरी गिधाडं उतरली होती. भूमिका संपली तरी आठवडाभर भाजी त्याच आवाजात घेतात. हवालदार असले की भाजीवाला गाडी सोडून पळतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाच्या मराठी नाटकात मी सरदार होतो आणि काका माझे नोकर. त्यांना वाक्य एकच, "आज्ञा, सरकार." पहिल्या रांगेत बबीन्याच्या छावणीतले सुभेदारसाहेब बसलेले. मुलगी देण्याआधी मुलाचं मराठी ऐकायचं, ही त्यांची अट. आणि आमच्या घरात मराठी उरलंय ते आरतीपुरतं, एरवी सगळी बुंदेलीच.

पडदा उघडला आणि माझं सगळं पाठांतर दूर टहरौली गावाच्याही पलीकडे पळालं. तोंडातून निघालं, "अरे भैया, जो का हो रओ?"

लोक हसायच्या आत काका हात जोडून पुढे आले. "वा, सरकार! या बोलीत बोललात तर शत्रूच्या छावणीत कुणी ओळखणार नाही. वेष पालटून आजच निघायचं ना?"

मी मान डोलावली. पुढचं माझं सगळं भाषण काकांनीच प्रश्न विचारून संपवलं आणि मी नुसता हुंकारत राहिलो.

नाटकानंतर सुभेदारसाहेब आत आले. "जावईबापू, बुंदेली काय अस्सल बोललात हो! कुठे शिकलात?"

रंग पुसता पुसता काकाच म्हणाले, "फार मेहनत घेतली पोरानं."

आज सासरे घरी आले तरी पहिला चहा काकांना जातो.