डाव्या हाताचा क्रोशा

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे, आणि पुढे ट्रॅक्टरच्या मडगार्डावर मांडी ठोकून पिळदार मिशांचा एक दांडगा माणूस गुलाबी लोकरीची झालर विणतो आहे, असं दृश्य तुम्ही ढोकीच्या बाजूला कधी पाहिलं असेल, तर ते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, सासूला आत्या. रांगेतले ड्रायव्हर त्यांना पैलवान म्हणत, कारण तरुणपणी त्यांनी जत्रांमधून कुस्त्या मारल्या होत्या. पैलवानाच्या हातात क्रोशाची सुई दिली ती मात्र मी.

हंगामात ऊस घेऊन कारखान्यावर गेलं की नंबर लागेपर्यंत कधीकधी अख्खा दिवस जातो. मामांचा स्वभाव भडक. कुणी ट्रॅक्टर मधेच घुसवला की हे बाह्या सरसावत खाली उतरायचे. भांडण नसेल तेव्हा तंबाखू. शेवटी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि चांगलाच दम भरला: तंबाखू बंद, डोकं तापवणंही बंद. घरी येऊन मामा बाजेवर बसले. "सोडतो म्हणलंय तर सोडतो," ते आत्यांना म्हणाले, "पर मग ह्या हातांचं काय करू?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तोरण विणत बसले होते. माहेरी, तामलवाडीला, शेजारच्या काकूंकडून मी क्रोशा शिकले होते, आणि हातात सुई असली की मला कशाचाच राग येत नसे. मामा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग आत्यांना म्हणाले, "हिला इचार, हे गड्यामाणसाला जमतंय का?"

'हिला विचार' म्हणाले, कारण आमच्यात सासरा-सून थेट बोलत नाहीत. मी चार पावलांवर बसलेली असले तरी ते आत्यांशी बोलणार आणि मीही डोक्यावरचा पदर सावरून आत्यांनाच उत्तर देणार. तेव्हा शेजारी बसून, हात धरून शिकवणं वगैरे विसराच. शिकवणी झाली ती अशी: मी उंबऱ्याशी, मामा समोर बाजेवर, मधे शेंगा फोडत आत्या. मी सुई वर केली की ते वर करणार, मी दोरा ओढला की ते ओढणार. आणि दोघांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आत्या पुन्हा इकडून तिकडे पोचवणार.

"ती म्हणतीया, साखळी लई आवळताय."

"तिला सांग, मोळ्या बांधायचा हात हाय. आवळणारच."

या समोरासमोरच्या शाळेत एक गंमत झाली. माझी सुई उजव्या हातात. समोरून बघणाऱ्या मामांनी ती, आरशात बघावी तशी, डाव्या हातात धरली. जेवायला उजवा, स्टेअरिंगला उजवा असलेला हा माणूस विणायला डावा झाला. त्यांची वीण माझ्या उलट्या अंगाने फिरायची, आणि हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

रांगेत सुरुवातीला सगळ्यांनी मामांची फार टिंगल केली. "पैलवान, तुमाला बघायला पावणं येणार हायती का?" मामा सुईवरची नजर न काढता म्हणायचे, "रांग हालली की उठीव." मधे घुसणाऱ्यांकडेही त्यांचं लक्ष जाईना. "जाऊ दे रं त्याला. माजी एवढी झालर हुईस्तवर मला बी घाई न्हाय." एका हंगामात त्यांच्या स्टेअरिंगवर कव्हर चढलं, आरशांना झालर आली, टपाला गोंडे लटकले. मग टिंगल करणारेच म्हणू लागले, "आमच्या बी ष्टेरिंगला करा की." मामा आयतं कुणालाच देत नसत. लोकर आण म्हणायचे, आणि समोर बसवून शिकवायचे.

समोर बसवून! म्हणजे मामांचा डावा बघून शिकलेले सगळे उजवे निघाले. एके दिवशी मामा तणतणत घरी आले. "हिला सांग, समदी येडी हायती. एकजण सरळ इणंल तर शप्पत. समदे उलटं इणत्यात." मी माझं तोरण आणि त्यांचं कव्हर शेजारी शेजारी ठेवलं, आणि आत्यांना इतकं हसू आलं की शेंगांचं सूप सांडलं. मामांनी दोन्ही निरखून पाहिलं. "असू दे," ते म्हणाले, "आता ह्यो हात बसलाय. बसलेल्याला उठवू ने."

त्या डाव्या हाताचे उपकार पुढे कळले. मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. ट्रॅक्टर माझ्या नवऱ्याकडे आला. बोलणं जड झालं होतं, पण येत होतं. तरी ते बोलेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवणाची वाटी डाव्या हातानेच दूर सारायचे. आत्या पदराने डोळे पुसायच्या. हा माणूस असाच विझून जाणार, अशी भीती मला वाटू लागली.

एका दुपारी मी त्यांची सुई आणि अर्धवट राहिलेलं निळं कव्हर त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. बोटांनी सुई आपोआप धरली. पण दोरा कोण धरणार? उजवा हात तर गोधडीवर नुसता पडलेला. मी उंबरा सोडला आणि सरळ त्यांच्या बाजेवर, शेजारी जाऊन बसले. दोरा माझ्या बोटाला गुंडाळला. आत्या बघतच राहिल्या. सुई अडखळत दोऱ्यात शिरली, निसटली, पुन्हा शिरली. मग मामांनी आत्यांकडे मान वळवली, थांबले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सैल सोड, पोरी."

लग्नानंतर ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मला रडूच कोसळलं.

त्यानंतर आम्ही रोज दुपारी विणत असू, त्यांचा एक हात आणि माझा एक. ते जेवू लागले, रागावू लागले, शेजाऱ्यांना हाका मारू लागले. बऱ्याच दुपारी मिळाल्या आम्हाला. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. नवऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी विणायला घेतलेलं लाल कव्हर अर्धं राहिलं.

ते पुरं करायला बसले, तर माझी वीण दुसऱ्या अंगाने फिरणार, जोड दिसणार. मग मी सुई डाव्या हातात घेतली. फार वाकडं आलं, पुष्कळदा उसवलं. दोरा आवळला की स्वतःलाच सांगायचे, सैल सोड, पोरी.

या हंगामात ते कव्हर घालून ट्रॅक्टर नंबरला लागला. दुपारी रांगेतून नवऱ्याचा फोन आला. "समदी जमल्यात कव्हर बघायला. म्हणत्यात, पैलवानाचाच हात हाय ह्यो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, व्हय."

"बरोबर बोललात," मी म्हटलं.