ताराचंदभाऊंचा ‘पाहतो’

“मी पाहतो म्हटलं ना गा, मग तू घरी जाय बिनघोर.” ताराचंदभाऊ उभ्या जन्मात हेच म्हणत आले.

शहरात, इतवारीच्या बाजारात त्यांचं मिरचीचं ठोक दुकान. भिवापूरकडून पोती आली की भाऊ मूठभर मिरची कानाशी नेऊन हलवायचे. आतलं बी खुळखुळलं की म्हणायचे, “पाहतो.” सौदा झाला. शेतकरी पोती तिथंच टाकून एस.टी. धरायचा. चाळीस वर्षांत त्या शब्दाला कधी कागद लागला नाही.

त्या शब्दावरच लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेला उभं केलं. भाषण त्यांना जमत नसे. त्यांच्या मूळ गावच्या सभेत लोकांनी जवळच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन मागितली, तेव्हा माईकवर ते एवढंच म्हणाले, “पाहतो.” निवडून आले.

त्या सभेत त्याच गावची जिजाबाई पुढेच बसली होती. तरुणपणी भाऊंच्या दुकानात तिनं मिरचीचे देठ खुडले होते. आता तिच्या मुलाच्या, सुशीलच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणून शहरात धंतोलीतल्या दवाखान्यामागं खोली घेऊन ती राहत होती.

भाऊ मशीनसाठी कार्यालयं हिंडले. शेवटी एका मोठ्या साहेबानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, अर्ज पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाला, “पाहतो.” भाऊंचे डोळे भरून आले. तारीख विचारावी, काही लिहून घ्यावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. बाहेर येताच त्यांनी गावात फोन लावला, काम झालं म्हणून सांगितलं.

जिजाबाईनं खोली सोडली. मशीन येईस्तोवर पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न, म्हणून ती सुशीलला गावाहून एस.टी.नं ने-आण करू लागली. दोन महिने झाले. एक दिवस सुशील स्टँडवरच कोसळला.

भाऊ धावत त्या कार्यालयात गेले. साहेब बदलून गेले होते. अर्ज सापडेना. साहेब ‘पाहतो’ म्हणाले होते, असं भाऊंनी तीनदा सांगितलं. बाबू हसला.

“भाऊ, इथं ‘पाहतो’ म्हणजे ‘नाही’. तुम्ही निवडून कसे आले जी?”

तिथून ते थेट धंतोलीला आले. दवाखान्याच्या पायरीवर जिजाबाई बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सरकून त्यांना जागा केली.

“भाऊ, मशीन केव्हा येते, तेवढं सांगा. येत असंल तर त्याले घरी नेतो. नाहीतर पुन्हा खोली शोधा लागंल.”

“मले नाही माहीत, बाई.”

“मग झालं म्हणून काहून सांगितलं जी?”

भाऊंनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“मले वाटलं, साहेब मायासारखाच बोलून राहिला.”

पदरानं तोंड पुसून, खोलीची चौकशी करायला जिजाबाई समोरच्या औषधाच्या दुकानाकडं गेली. थोड्या वेळानं भाऊही उठले. रिक्षा न करता, स्ट्रेचर आणि डबेवाल्या नातेवाइकांच्या गर्दीतून वाट काढत चालू लागले. वरच्या खिडकीतून सुशीलला ते दिसले. मशीनचं त्याला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं. सुई टोचलेला हात तसाच गादीवर ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं रामराम केला, आणि पांढरी टोपी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात वर धरून ठेवला.