माडीची झडप

बाळापूरला आमचं दुकान खाली आणि घर वर. खाली तूर-हरभऱ्याची पोती, वर माडीवर आई-बाबा. सगळा भार सागवानी खांबांवर. हे लाकूड परतवाड्याहून आलेलं, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे, त्यानं विचारलेलं नसलं तरी. बाबांचा दिवस दुकानात जायचा. वर ते जेवायला आणि झोपायलाच. यावरून आईचे टोमणे मी जन्मापासून ऐकलेत.

जिना ज्यानं बांधला त्याला मात्र मी पुष्कळ शिव्या दिल्यात. उभा, अरुंद, धरायला एक दोर. बाबांचं मांडीचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. उचलून न्यावं तर जिन्यात एकच माणूस मावतो. दुकान सांभाळणारा माझा भाऊ म्हणाला, तुझ्याकडे अमरावतीला ने, तुझं घर तळमजल्यावर आहे. पण आई घर सोडायला तयार नव्हती. गुडघ्यांमुळे ती दिवाळीपासून खालीसुद्धा उतरली नव्हती. या वयात दोघांची ताटातूट करणं मला पटेना. फोनवर आईनं एवढंच विचारलं, "त्याहिले घरी कधी आणता?"

झडप भावाला आठवली. पूर्वी जास्तीचा माल माडीवर ठेवत. पोती वर ओढायला दुकानाच्या छतात चौकोनी झडप ठेवलेली, आणि तिच्या बरोबर वर, आढ्याला कप्पी. ते काम थांबल्यावर आईनं झडपेवर सरळ आपला पलंग टाकला होता. तो हलवून भावानं झडप उघडली, तर वर्षानुवर्षांचा भुसा माझ्या डोक्यावर पडला. त्यानं नवा दोर आणला, कप्पीला तेल दिलं आणि आधी बाबांपेक्षा जड पोतं वर चढवून पाहिलं. आढं एकदा करकरलं आणि गप्प झालं. माझा काही त्याच्यावर विश्वास बसला नाही.

अकोल्याहून आणल्यावर दुकानात दोर बांधलेली खुर्ची पाहून बाबा भडकले. "मले पोतं समजून राहिले काय तुमी?"

पोतं इतकं बोलत नाही, असं भाऊ म्हणाला. हमालांनी दोर ओढला. हात पोचत होता तोवर मी बाबांचा पाय धरून होते. ते मात्र अधांतरी बसूनही हमालांना, सारखं ओढा, म्हणून सांगत होते. वरून आईनं हात पुढे केला, तो त्यांनी धरला, आणि मी तिथंच हरभऱ्याच्या पोत्यावर बसून मनसोक्त रडले. किती दिवसांचं ओझं उतरलं.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. झडप उघडीच ठेवू, बाबांना गिऱ्हाइकांचा आवाज येत राहील, असं भावानं सुचवलं. मलाही ते पटलं. बाबांनी खाली दुकानाकडे पाहिलं, मग चहा गाळणाऱ्या आईकडे.

"लावून घे," ते म्हणाले. "अन् इचा पलंग जागच्या जागी टाक."